घरी कोणी आहे का?

दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजतो. पलीकडचा मुलगा घाईत असतो. नमस्कार-चमत्काराला त्याला सवड नसते. तो एकच प्रश्न टाकतो, "घरी कोणी आहे का?" आपण त्या वेळी कचेरीत असतो, दवाखान्याच्या बाकावर असतो, नाहीतर लोकलच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून उभे असतो. "नाही हो" म्हटले की पलीकडून सुस्कारा ऐकू येतो आणि मग वाटाघाटी सुरू होतात. "शेजारी देऊ का?" "वॉचमनकडे ठेवू?" "मग उद्या येऊ?" उद्या नेमक्या कोणत्या वेळी, हे मात्र त्यालाही सांगता येत नाही. म्हणजे उद्याचा आपला अख्खा दिवस त्या पार्सलाच्या नावाने लिहून ठेवायचा.

बंगळुरूत २००७ साली 'फ्लिपकार्ट'ने पुस्तके विकायला सुरुवात केली. वस्तू हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय २०१० साली आली, आणि २०१३ साली 'अ‍ॅमेझॉन'ने आपल्याकडे दुकान मांडले. तेव्हापासून 'घरपोच' हा शब्द आपल्या अंगवळणी पडला. शब्द मोठा गोड आहे. पूर्वी घरपोच यायचे ते दूध, वर्तमानपत्र आणि फार तर वाण्याकडची महिन्याची यादी. आता चपलेपासून चाळणीपर्यंत सारे दाराशी येते. यात सोय आहे हे कोण नाकारील? पण या गोड शब्दाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते असे की घरात दिवसभर कोणीतरी असतेच.

हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे वेगळे सांगायला नको. एका पिढीपूर्वी ती आजी होती, आई होती. हात पदराला पुसत दाराशी जायचे, सही करायची, सुटे पैसे शोधायचे आणि परत ओट्याकडे वळायचे. याला कोणी काम म्हणत नव्हते. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत दिसून आले. घरपोच व्यापाराची सारी इमारत या २९९ मिनिटांच्या पायावर उभी आहे. ज्या घरातली बाई सकाळी साडेआठला डबा घेऊन बाहेर पडते, त्या घरापुरता हा पाया खचतो. आज शहरांत अशी कुलूपबंद घरे किती आहेत, हे आपापल्या जिन्यात दुपारी बारा वाजता उभे राहून कोणीही पाहावे.

या कुलूपबंद घरांचे काय करायचे, हा प्रश्न इतर देशांना आपल्याआधी पडला. जर्मनीत २००१ साली डॉर्टमुंड आणि माइन्त्स या शहरांत टपाल कंपनीने एक प्रयोग केला. रस्त्याकडेला लोखंडी खणांचे एक कपाट उभे केले. पार्सल आणणाऱ्याने ते एका खणात ठेवायचे, ग्राहकाला कळवायचे, आणि ग्राहकाने सवडीने येऊन आपल्या हाताने काढून घ्यायचे. मध्ये माणूस नाही, खिडकी नाही, रांग नाही. पुढे पोलंडमध्ये 'इनपोस्ट' या कंपनीने २००९ पासून अशी कपाटे उभारायला सुरुवात केली, आणि तिथे तर या कल्पनेने सारा देशच व्यापला. पोलंड आकाराने जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढा. वस्ती मात्र पावणेचार कोटींच्या आसपास. एवढ्या देशात या एकाच कंपनीची वीस हजारांहून अधिक कपाटे आहेत. 'पाच्कोमाट' हे त्याचे नाव तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीकडे महिनाभर पोलंडला राहण्याचा योग आला. ती व्रोत्सवाफ शहरात नोकरी करते. (कोल्हापूरकरांना पोलंड तसा अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती.) तिच्या घरापासून चार मिनिटांवर, भाजीच्या दुकानाच्या भिंतीला लागून असे एक कपाट होते. संध्याकाळी फिरायला गेले की मी तिथे जरा रेंगाळत असे. कुत्रा फिरवायला निघालेले आजोबा येत, फोनवर बोट टेकवीत, 'खट्' आवाज होऊन एक दार उघडे, आणि पुडके काखोटीला मारून ते पुढे चालू लागत. कामावरून परतणारी मुलगी सायकल न टेकवताच आपला खण रिकामा करी. रात्री अकरालाही कोणी ना कोणी येई. एकेकाचे काम अर्ध्या मिनिटात आटोपत होते.

"अगं, घरीच का नाही मागवत? चार मजले लिफ्टने वर यायचं, त्याला काय लागतं?" मी एकदा विचारले. भाची हसली. म्हणाली, "मावशी, घरी मागवलं की मला त्याची वाट बघावी लागते. इथं मागवलं की ते माझी वाट बघतं."

माझ्या मते लोक हे कपाट का पसंत करतात याचे उत्तर या दोन वाक्यांत आले. बाकीची कारणे आहेतच. पोलंडात दारापर्यंत पोचवण्यापेक्षा कपाटात पोचवण्याचा आकार बहुधा कमी असतो. कपाट घरापासून चार पावलांवर किंवा कामाच्या वाटेवर असते, त्यामुळे मुद्दाम हेलपाटा पडत नाही. नापसंत वस्तू परत करायची तर तिथेच खणात टाकता येते. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपला वेळ आपल्या ताब्यात राहतो. पार्सल उचलायला तिथे साधारणपणे ४८ तासांची मुदत असते. त्या ४८ तासांतले कोणते अर्धे मिनिट द्यायचे, हे आपण ठरवायचे. 'दहा ते सहाच्या दरम्यान केव्हाही' या वाक्याला तिथे जागा नाही.

दुसरे एक कारण आहे, त्याबद्दल लोक फारसे बोलत नाहीत. ते म्हणजे खाजगीपणाचे. एकटी राहणारी मुलगी रात्री साडेनऊला अनोळखी माणसाला दार उघडायला कचरते, यात नवल काय? शिवाय आपल्या घरी किती खोकी येतात, कोठून येतात, याचा हिशेब शेजारच्या काकू आपल्यापेक्षा चोख ठेवतात. "आज पुन्हा काहीतरी आलंय हं सुनबाईंचं!" हे वाक्य सासूबाईंच्या कानावर घालण्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. पण ज्या सुनेने स्वतःच्या पगारातून एक पर्स मागवली, तिला ते वाक्य नको असते. कोणाची औषधे असतात, कोणाचा केसांचा टोप असतो. लोखंडी खण कोणाला काही विचारत नाही आणि कोणाला काही सांगत नाही. शिवाय त्याचे उपकारही होत नाहीत. शेजारणीने तीनदा पार्सल ठेवून घेतले की चौथ्यांदा तिच्याकडे जाताना हातात वाटीभर काहीतरी न्यावे लागते. संबंध म्हणून ते चांगलेच. पण दर आठवड्याला वाटी कोण भरणार?

आता कोणी म्हणेल, हे साहेबी चोचले आहेत, आपल्याकडे चालायचे नाहीत. मला नेमके उलटे वाटते. आपले सामान आपण जाऊन आणणे ही आपलीच जुनी रीत आहे. 'पार्सल सोडवून आणणे' हा वाक्प्रचार उगाच का रूढ झाला? कोकणातून आंब्याची पेटी रेल्वेने किंवा एसटीने निघे. पावती टपालाने येई आणि ती घेऊन घरचा कर्ता पुरुष पेटी सोडवायला जाई. गावाहून आजीने धाडलेली लाडवांची बरणी कंडक्टरच्या हवाली केलेली असे, आणि ती उतरवून घ्यायला पहाटे स्टँडवर हजर राहावे लागे. पुस्तकांची व्ही. पी. पोस्टात जाऊन सोडवण्यात आमच्या वडिलांच्या कितीतरी शनिवार सकाळी गेल्या. मोठ्या टपाल कचेऱ्यांत भाड्याने मिळणाऱ्या पेट्या तर आजच्या या कपाटाच्या सख्ख्या आज्याच! 'पोस्ट बॉक्स नंबर' घेतलेले व्यापारी किल्ली घेऊन येत आणि आपली डाक आपणच काढून नेत.

फरक आहे तो वेळेचा. त्या काळी खिडकी उघडण्याच्या वेळेवर आपण जायचे होते. आता खिडकीच उरली नाही, म्हणून वेळेची अटही उरली नाही. एरवी कल्पना तीच आहे.

आतापर्यंत मी ग्राहकाच्या बाजूने बोलले. पण या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे, आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. ती आहे पाठीवर काळी पिशवी घेऊन दुचाकीवरून फिरणाऱ्या मुलाची. पोलंडमधील श्चेचिन शहरातल्या संशोधकांचा या कपाटांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात इनपोस्टचा दाखला देऊन म्हटले आहे की, घरोघर फिरणारा माणूस दिवसात १५० किलोमीटर फिरून ६० पार्सले पोचवतो, तर कपाटांत ठेवणारा ७० किलोमीटरमध्ये ६००. जपानमध्ये तर सरकारनेच या फुकट खेपांचा हिशेब मांडला. २०१५ सालच्या त्या हिशेबात साधारण पाचांतले एक पार्सल पहिल्या खेपेला माणूस घरी नसल्याने पुन्हा न्यावे लागते, आणि त्यात वर्षाला सुमारे ९० हजार चालकांचे श्रम वाया जातात, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे हे काम करणाऱ्या अनेक मुलांना नगावर पैसे मिळतात. म्हणजे आपण "घरी कोणी नाही" म्हणतो तेव्हा पेट्रोल त्याचे, ऊन त्याचे, आणि ती खेपही त्याच्याच अंगावर पडते.

मग इतकी सरळ गोष्ट आपल्याकडे का रुजत नाही? याचे खरे उत्तर जरा बोचरे आहे. आपल्याकडे माणूस स्वस्त आहे, म्हणून कपाट महाग वाटते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ११२ घरे आहेत. २०२० च्या करोनाकाळात बाहेरच्यांना आत येऊ द्यायचे नाही म्हणून फाटकापाशी एक टेबल मांडले गेले. साथ ओसरली, टेबल तसेच राहिले. हळूहळू वॉचमनची केबिन म्हणजे गोदाम झाले. गेल्या दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी सहज मोजली, तर तिथे ६३ खोकी होती. वॉचमनला पाय पसरायला जागा नव्हती. तो खुर्ची बाहेर काढून थंडीत बसला होता. त्यानेच नावे वाचायची, फोन करायचे, कोण काय घेऊन गेले ते ध्यानात ठेवायचे. हे त्याच्या नेमणुकीच्या कागदात कुठेही लिहिलेले नाही. त्याच सुमारास एका सभासदाचे ३,४०० रुपयांचे पार्सल सापडेना. तक्रार झाली, आणि ठेकेदाराने ती रक्कम दोन महिन्यांत वॉचमनच्या पगारातून कापून घेतली. पार्सल त्याने नेले, असे कोणीच म्हणत नव्हते. ते त्याच्या 'ताब्यात' होते, एवढेच.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी पार्सलसाठी खणांचे कपाट घ्यावे असा ठराव मांडला. एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, "वॉचमन आहे की! कपाटावर कशाला पैसे घालवायचे?" सभेने माना डोलावल्या. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय पुढे होता, सगळ्यांना घरी जायची घाई होती. ठराव बारगळला. मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. त्यांनी आपल्या सगळ्यांच्या मनातला हिशेबच बोलून दाखवला. पोलंडमध्ये जे काम लोखंडी खण करतो, ते आपल्याकडे एक जिवंत माणूस करतो, तेही बिनपगारी आणि वर जोखीम अंगावर घेऊन. काही घरांत हे काम आजोबा करतात, काही ठिकाणी इस्त्रीवाला करतो, कोपऱ्यावरचा वाणी करतो. हे सगळे मिळून आपले 'लॉकर' आहेत. त्यांच्या वेळेला किंमत नाही असे आपण ठरवले आहे, म्हणून आपले घरपोच आपल्याला फुकट वाटते.

या कपाटांवर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दिसत कमी, त्यांनी कपाटापर्यंत का जावे? अगदी रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे की त्यांनी जाऊ नये. त्यांच्या दाराशीच पार्सल आले पाहिजे. किंबहुना बाकीच्यांनी आपापले उचलून नेले, तर ज्याला खरी गरज आहे त्याच्या दारात दोन मिनिटे थांबायला त्या मुलाला सवड मिळेल. सक्ती नको, निवड हवी.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. एका माणसाने दहाजणांचे काम केले तर उरलेल्या नऊजणांनी काय करायचे? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण फुकट हेलपाटे हा काही रोजगार नव्हे. शिवाय हा व्यापार वाढता आहे. त्यातली कामे थोडी आणि धड पगाराची असावीत, की पुष्कळ आणि नगावर मोजलेली असावीत, हा विचार आपण केला पाहिजे. कपाटांना विरोध करून त्या मुलांचे भले होणार नाही. त्यांचे भले व्हायचे तर ते पगाराच्या कागदावर व्हावे लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कपाट म्हणजे कंपनीचे काम ग्राहकाच्या माथी मारणे नव्हे काय? शेवटची चार पावले आपण चालायची आणि वाचलेले पैसे कंपनीने खिशात घालायचे, असे झाले तर ती लबाडीच होय. म्हणून अट अशी हवी की जो स्वतः उचलून नेतो त्याला आकार कमी पडावा. आणि प्रत्येक कंपनीने आपापले कपाट उभे करून पदपथ अडवू नयेत. सिंगापूरमध्ये २०२१ साली सरकारी पुढाकाराने वसाहतींमधून सुमारे एक हजार कपाटे उभारली गेली. ती कोणा एका कंपनीची नव्हती. कोणत्याही कुरिअरवाल्याला त्यांत पार्सल ठेवता यावे, आणि सरकारी वसाहतीतल्या घरापासून ती २५० मीटरच्या आत असावीत, असा त्यामागचा विचार होता. सार्वजनिक नळासारखी ही गोष्ट आहे. नळ एका दुकानदाराचा असून चालत नाही.

आपल्याकडे हे काम कोणी करावे? मला वाटते, टपाल खात्याने. देशभर दीड लाखाहून अधिक कचेऱ्या असलेली दुसरी संस्था आपल्याकडे नाही. खात्याने २०२० साली कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात असे खण लावून पाहिलेही होते. याच खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, संस्कृतच्या पंडिताने, १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड दिला. सारख्या नावांची गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते यांचा गुंता त्या सहा आकड्यांनी सोडवला. आजचा प्रश्न पत्ता सापडण्याचा नाही. पत्त्यावर माणूस सापडण्याचा आहे. त्यालाही असेच साधे, सर्वांना परवडणारे उत्तर हवे. पोस्टाच्या बाहेरची भिंत, एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, जिथून आपण रोज जातो-येतो तिथे हे खण असावेत. उन्हापावसापासून आडोसा असावा, वीज गेली तरी दार उघडावे, आणि पडद्यावरची अक्षरे मराठीत असावीत.

आणि तोवर निदान आपल्या इमारतीपुरते आपल्याला करता येईल. कोणत्याही जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जा. जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग दिसेल. काहींची दारे लोंबताहेत, काहींत जाहिरातींचे कागद कोंबलेले आहेत. पण कल्पना किती नामी होती ते पाहा. पोस्टमन यायचा, पत्र टाकून जायचा. घर उघडे आहे की बंद, आत बाई आहे की नाही, याची त्याला पंचाईत करावी लागत नव्हती. संध्याकाळी घरी परतणारा माणूस जाता जाता आपली पेटी उघडायचा. पत्राची जागा खोक्याने घेतली, तेव्हा त्या भिंतीवरच्या पेट्यांनी थोडे मोठे व्हायला हवे होते. त्या झाल्या नाहीत, आणि त्यांचे काम फाटकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवर येऊन पडले. येत्या सर्वसाधारण सभेत मी तो ठराव पुन्हा मांडणार आहे. या खेपेला लिफ्टच्या विषयाआधी.